पितळी पट्टीच्या खाली

माह्या रागाचं काही सांगू नोका. साऱ्या कुरखेडा तालुक्याले माहीत आहे, मुखरू सुताराच्या वाट्याले जाऊ नये. पण त्या दिवशी इसरू काखेत गोणपाट मारून दारात उभा राह्यला, अन् मले राग नाई आला, भेव वाटलं. गोणपाटात काय आहे ते त्याच्या धरण्यावरूनच समजलं होतं.

"मुखरूभाऊ, बाबाची भरमार आणली," तो म्हणे. "दस्ता चिरला आहे. जोडून द्या."

भरमार म्हणजे नळीत दारू ठासून उडवाची जुनी बंदूक. इसरूचं गाव आमच्यापासून दोन कोस आत, जंगलात. धानातले डुकरं हाकलाले त्याच्या आज्याले तिचं लायसन भेटलं होतं, मंग ते त्याच्या बापाच्या, मंगरूच्या नावानं आलं. नऊ वर्षांपासून मात्र ती बंदूक त्याहिच्या घरी आढ्याले टांगून होती. आता इसरू लायसन आपल्या नावानं करून राह्यला होता. यंदा डुकरांनी त्याच्या दोन बांध्या भुईसपाट केल्या होत्या. त्याले घाई होती.

मी दस्ता, म्हंजे बंदुकीचं मागचं लाकूड, उजेडात धरला. मुठीजवळ, जिथी तो बारीक होते, तिथी चीर. तिच्यावर पितळी पट्टी, चार स्क्रूची. माह्याच हातची. चीर अंगठ्यानं दाबली तं तिचं तोंड उघडलं, अन् आत काळी लाख दिसली. ती लाख तिथी कशी आली, हे जगात मले एकट्यालेच माहीत होतं.

"या पट्टीनंच बाबा वाचला," इसरू म्हणे. "डोळ्यावर निभावलं. पट्टी नसती तं लोखंड मुंडक्यात गेलं असतं. बाबा अजूनही साऱ्याइले सांगते."

"चूप बस! मले पाहू दे," मी ओरडलो.

आता तुमाले खरं सांगतो. नऊ वर्षांआधी मंगरू हा दस्ता घेऊन आला, तवा त्याले केसाएवढी चीर होती. काम सोपं. बारीक भोक पाडाचं, बांबूची खुंटी सरसात बुडवून हळूच बसवाची, सुतळीनं आवळून दोन दिवस ठेवाचं. पण सकाळीच माह्या बायकोसंग, रुखमासंग, भांडण झालं होतं. डोस्कं तापलेलं. भोक लहान पडलं, खुंटी जाड होती, अन् ती तासाच्या ऐवजी मी हातोडी हाणली. कट्टकन आवाज आला. केसाएवढी चीर आरपार गेली.

तवाच मंगरूले सांगाले पाहिजे होतं, का बापा, माह्या हातून लाकूड गेलं, नवीन घडवून देतो. पण चार गावात माहं नाव. लाज वाटली. चिरीत लाख वितळवून भरली, काजळी चोळली, वरून पितळी पट्टी मारली. चकाचक दिसाले लागलं. मंगरू खुश!

"पट्टी कायले मारली गा?" त्यानं इचारलं.

"शोभेले," मी म्हटलं.

शोभेले! थू माह्या जिंदगीवर.

त्याच साली त्यानं डुकरावर बार काढला. दस्ता मुठीत वाकला, अन् बंदुकीचा घोडा उलटा येऊन त्याच्या उजव्या डोळ्यात बसला.

आता त्याहिच्या गावात एक नेम आहे. नवं धान देवासमोर ठेवल्याशिवाय शेतात रक्त सांडाचं नाई. मंगरूनं बार काढला तो या नव्याच्या सणाच्या चार दिवस आधी. झालं! सारं गाव म्हणे, देव कोपला. मंगरूनंही तेच मानलं. कोंबडं दिलं, बकरा दिला, पण त्याच्या मनातून काही गेलं नाई. घराण्यातला तो मोठा. नव्याच्या दिवशी धानाची पहिली मूठ त्यानं ठेवाची. नऊ वर्षांपासून ती त्याचा लहान भाऊ ठेवते, अन् मंगरू दूर मोहाच्या झाडाखाली पाठ फिरवून बसते.

अन् दरसाल त्याच दिवशी त्याची बायको सोमारी पानाच्या द्रोणात नव्या तांदळाचा भात माह्या घरी पाठवते. कायले? तं माह्या पट्टीनं तिच्या नवऱ्याचा जीव वाचला म्हणून. पहिलं साल दवाखान्यात गेलं, मंग असे आठ द्रोण खाल्ले मी. कसे घशाखाली उतरले ते माहं मले माहीत.

"जमत नाई," मी इसरूले म्हटलं. "हे लाकूड मेलं आहे. याच्यावर बार काढला तं तुहाही डोळा जाईन."

"मंग पहिले केलं होतं तसंच करून द्या ना भाऊ. पट्टी थोडी मोठी मारा."

पट्टी मोठी मारा! तरी मी नाई म्हणून मान हालवत राह्यलो. लाकूड मेलं म्हणून सांगितलं का आपण मोकळे. खोटंही नव्हतं त्यात काही. इसरू बंदूक गोणपाटात बांधाले लागला.

"जाऊ द्या," तो म्हणे. "बाबा नाईच म्हणत होता. म्हणते, बंदुकीत खराबी नाई, खराबी माह्यात आहे. यंदा तं म्हणून राह्यला, मले मोहाखालीही नेऊ नोका. माह्यामुळं देव घरात पाय नाई ठेवत."

मी हातातली पटाशी खाली ठेवली.

"थांब," मी म्हटलं. "मीही येतो तुह्यासंग."

मंगरू अंगणात दोर वळत बसला होता. सोमारी सुपात तांदूळ पाखडत होती. मले पाहून मंगरूनं खाट पुढं केली. मी बसलो नाई. बसलो असतो तं बोलणं झालं नसतं.

"मंगरू, देव नव्हता कोपला," मी म्हटलं. "माहं डोस्कं फिरलं होतं, बायकोवर. तो राग मी तुह्या दस्त्यावर काढला." अन् सारं सांगितलं. खुंटी, हातोडी, लाख, काजळी. दस्ता नळीपासून सोडवला, पट्टीचे चारही स्क्रू त्याच्यासमोर काढले अन् आतली चीर दाखवली.

मंगरूनं दस्ता मांडीवर घेतला. एका डोळ्यानं नीट दिसेना, म्हणून लाखेवरून नख फिरवून पाहिलं.

"मी दवाखान्यात पडून होतो, तवा तू आला होता," तो म्हणे. "केळं आणले होते."

"होय."

"तवा तुले माहीत होतं?"

"होय गा."

"अन् दरसाल भात खात होता?"

सोमारीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"मी याले बोलली," ती म्हणे. "पोट्टी आजारी पडली तरी याले बोलली. म्हैस मेली तरी याले. तुह्याच पापानं झालं म्हटलं. अन् हा खाल मान घालून ऐकत राह्यला वं माय!" ती तिथीच मटकन बसली अन् मोठ्यानं रडाले लागली.

मंगरूनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यानं आवाजही चढवला नाई.

"इसरू, लोखंड ठाण्यात जमा करून टाक," तो म्हणे. "डुकरं डब्बे वाजवून हाकलू." मंग दस्ता माह्यासमोर धरला. "हे तुहं आहे. ने."

"मी नवीन घडवून देतो ना गा," मी म्हटलं. "बीज्याचं लाकूड आहे माह्याकडं, चांगलं वाळलेलं. एक पैसा नको."

"तुह्या हातचं?" मंगरू म्हणे. एवढंच.

दस्ता काखेत मारून दोन कोस पायी आलो. अजून तो माह्या खोपीत खुंटीले लटकून आहे. जोडाचा नाई, अन् चुलीत घालाले हात होत नाई.

नव्याचा दिवस आला. दुकानावर आमच्या गावचा गोपाल भेटला, तो मंगरूच्या गावी जाऊन आला होता. सांगे, यंदा मंगरू पुढं बसला. पहिली मूठ त्यानंच ठेवली. एका डोळ्यानं अंदाज चुकला अन् अर्धं धान खाली सांडलं, पण कोणी काही म्हटलं नाई. मले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

घरी आलो तं रुखमानं सवयीनं ताट घासून ठेवलं होतं. चार वाजले, पाच वाजले. मी दोनदा रस्त्यावर जाऊन पाहून आलो. काऊन पाहत होतो, देव जाणे.

"यंदा सोमारीचा द्रोण काऊन नाई आला हो?" रुखमानं इचारलं.

तवा तिलेही सारं सांगितलं. ती उठली, अन् जुन्याच तांदळाचा भात टाकला.