मागाहून आलेली टाळी

या, जरा जवळ सरका. कीर्तनात मांडीला मांडी लावून बसतो ना, तसं. साखरा गावच्या नामाजी मेंढपाळाची आणि त्याच्या चंद्रभागाबाईची एक गोष्ट सांगतो, मनात ठेवावी अशी.

नामाजीने ओंजळीतलं करडईचं तेल बायकोच्या टाळूवर थापलं आणि अंगठे केसांतून फिरवायला सुरुवात केली. अंगणात मेंढरं रवंथ करत बसली होती. अंगठा जरा थांबे, दाबे, पुढे सरके.

त्याचं असं झालं, चौऱ्याहत्तर सालच्या सप्ताहात बुवांनी गजर धरला, तेव्हा साऱ्या मंडपाची टाळी एक पडली आणि चंद्रभागाबाईची मागाहून.

"पेंगलीस व्हय गं?" शेजारी बसलेल्या भागूबाईने टोमणा मारला. बायका हसल्या. टाळ वाजवणाऱ्या नामाजीला मात्र ते खटकलं. पुढे तिचं डोकं ठणकू लागलं, सकाळच्या ओकाऱ्या सुरू झाल्या.

मेंढराच्या मेंदूत पाण्याचा फुगा झाला, की ते एकाच अंगाने गोल फिरत राहतं. मेंढपाळ त्याची कवटी चाचपतो. हाड जिथं मऊ लागेल, तिथं खाली फुगा. नामाजीला बायकोच्या डोक्यात कुठंच मऊ लागलं नाही. 'बराबर घट्ट हाय,' म्हणून तो हिवाळाभर निर्धास्त राहिला. मग एक दिवस ती विहिरीवर कोसळली.

हैदराबादच्या दवाखान्यात तिच्या मानेच्या शिरेत औषध टोचून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर लातूरकडचे होते. त्यांनी नामाजीला एकट्यालाच आत बोलावलं आणि फोटो उजेडासमोर धरला.

"पाण्याचा फुगा हाय का, साहेब? मेंढराला व्हतो तसा? आमी काढतो तो."

डॉक्टर हसले नाहीत. "तसा असता तर मीही काढला असता. काही गाठी शिरांना नुसत्या बाजूला सारून बसतात. त्या निघतात. या गाठीनं बघा, आपल्याच शिरांचं जाळं विणलंय. चपातीत तेल मुरावं तशी मेंदूत मुरलीय. आता तेल वेगळं कसं काढू?"

"पण हाड तर घट्ट हाय वो."

"माणसाचं घट्टच राहतं, नामाजी. आधी आला असता, तरी मी हेच सांगितलं असतं."

नामाजी कितीतरी वेळ आपल्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

गावी परतल्यावर त्याने तिला काही सांगितलं नाही. सांजेला तेलाची वाटी घेऊन बसला. पण आज अंगठे दाबेनात, नुसते केसांवरून फिरत राहिले.

"दाबायचं काहून थांबलात? चाचपा की."

नामाजीने वाटी खाली ठेवली.

"मेंढरं तुमी अशीच चाचपता. लगीन झाल्यापासून बघून राहिले मी. मला काय समजत न्हाई?"

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते, तर तेल लावणं बंद केलं असतं तुमी." ती हसली. मग मागे न बघता म्हणाली, "कुठं मऊ लागलं का?"

नामाजीने अंगठा पुन्हा टाळूवर टेकवला.

"न्हाई. बराबर घट्ट हाय."

"मंग टाळ घ्या."

त्याने खुंटीवरचे टाळ काढले. तिने बारीक आवाजात गजर धरला. तिचा डावा हात उजव्याला शोधत निघाला. तो पोचेपर्यंत नामाजीने टाळ तसेच उघडे धरले, आणि तिच्या टाळीबरोबर मिटले.

तेव्हा मायबापहो, तुमच्या गावी कीर्तन रंगात येईल आणि कुणाची टाळी मागाहून पडेल, तर हसू नका. साखऱ्याच्या चंद्रभागाबाईची तेवढी आठवण ठेवा.