टोपणांची अदलाबदल

थोरल्या जावेच्या डोळ्यांत धाकटी खुपायची ती तिच्या बिस्किटांमुळे. मधुमेह दोघींनाही, आणि दोघींचाही जुना. थोरली घास मोजून जेवणार, उन्हात-थंडीत चालून येणार. आणि धाकटी गोड चहात बिस्किट बुडवत खिदळत बसणार. बरं, तपासलं तर साखर जास्त निघायची ती थोरलीचीच. अंगाचा तिळपापड होईल नाहीतर काय? त्यात घरातले सगळे धाकटीवर खूश. सासूबाईसुद्धा.

दवाखान्यात नवी तपासणी सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधुमेह जुना झाला की शरीराचे पहारेकरीच, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, बिथरतात, मूत्रपिंडाला आतून सूज आणतात. त्या सुजेच्या खुणा लघवीत लवकर दिसतात. ज्यांच्यात जास्त सापडतील, त्यांना लगेच औषध सुरू करायचं." दोघींना एकेक बाटली मिळाली, टोपणावर नावाची चिठ्ठी.

सकाळी थोरलीनं बाटली भरली तर वर फेसच फेस; लक्षण काही बरं नव्हतं. पाय तर कधीचे सुजत होते, पण ती कुणाला बोलली नव्हती. घरभर पथ्याचा तोरा मिरवायचा आणि रिपोर्ट मात्र या बिस्किटवालीपेक्षा वाईट? छे. धाकटी केस विंचरत होती, तेवढ्यात थोरलीनं दोन्ही बाटल्यांची टोपणं बदलून टाकली. बाटल्या पोचवायला धाकटीच गेली.

रिपोर्ट आले. थोरलीच्या नावावर सूज भरपूर, धाकटी ठणठणीत. थोरलीला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हणजे खरं दुखणं हिचं! बरी जिरली.

पण औषधाची चिठ्ठी आली ती थोरलीच्या हातात. समोर धाकटी चहात बिस्किट बुडवत होती. हिला काही कळणार नाही, आणि हिची मूत्रपिंडं आतल्या आत सुजत राहणार. थोरलीला जेवण जाईना. हेवा करावा, पण किती?

शेवटी ती स्वयंपाकघरात धाकटीजवळ जाऊन बसली. "ऐक. हे औषध तुझं आहे. मी टोपणं बदलली होती. तू माझ्यापेक्षा बरी निघालेली मला बघवणार नव्हतं."

धाकटीचा चेहरा पडला. हातातलं बिस्किट तिनं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ताई, मीपण बदलली होती. दवाखान्याच्या दारात. मला वाटलं, तुमचं इतकं पथ्य, तुमची बाटली चांगलीच असणार. माझं नाव तिच्यावर लागलं तर निदान कुणी बोलणार नाही."

थोरलीनं मनातल्या मनात टोपणं फिरवून पाहिली. एकदा हिनं, एकदा तिनं. फिरून ती जागच्या जागी आली.

"म्हणजे माझंच," ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेलाही तिला भीतीच्या आधी हेवाच वाटला.

धाकटीनं तिचा हात धरला. धाकटीचे डोळे भरले होते. "उद्या डॉक्टरांकडे पुन्हा तपासायला मी येते तुमच्याबरोबर."

"ये," थोरली म्हणाली. "पण या वेळी बाटली मी धरीन."