पहिलं वाक्य

ताईने कटिंग मशीनचा मेन स्विच खाली ओढला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा अख्खा कारखाना गप्प झाला. डबा उचलून दाराकडे निघालेले फोरमनकाकाही थबकले. चुकीच्या मापाची खोकी कापली म्हणून दादाने त्यांना नुकतंच कामावरून काढलं होतं.

"मशीन कुणी बंद केलं?" दादा केबिनमधून धावत आला. "संध्याकाळी माल जायचाय!"

"मी केलं. मागे चुकीच्या मापाची खोकी पडलीत, तोही माल जायचाच होता." लहानपणापासून ती दादाला घाबरत आली होती. आज मात्र तिने स्विचवरचा हात काढला नाही. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. नवं माप काकांना कसं सांगितलंस?"

"कसं म्हणजे? तोंडाने! केबिनच्या दारात उभं राहून सांगितलं, उंची कमी करा. त्यांनी मान हलवली."

"तेव्हा मशीन चालू होतं?"

"चालू नसेल तर कारखाना कसला?"

"मग जा दारात. आता पुन्हा सांग त्यांना काहीतरी."

तिने स्विच वर केला. दादा चिडून दारातून काहीबाही ओरडला. काकांनी मान हलवली. खोकी चिकटवणाऱ्या बायकांनी हलवली, सुतळी बांधणाऱ्यानेही हलवली. ताईने मशीन पुन्हा बंद केलं.

"काय म्हणाला दादा?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी काका म्हणाले, "या आवाजात कुणाला ऐकू येणार, ताई? इथे मान हलवली म्हणजे तुम्ही दिसलात, हातातलं संपवून येतो, एवढंच. साहेबांना वाटलं असेल, कळलं म्हणून."

ताईलाही हे इथे काम शिकताना कळलं होतं. दादाला कुठून कळणार? वडिलांनी कारभार सोपवला तेव्हापासून तो उंटावरून शेळ्या हाकत होता.

"मग आला का नाहीत विचारायला?" दादाने विचारलं.

"आलो होतो. तुम्ही फोनवर होतात. काचेतून हात केलात, जा म्हणून."

दादाने केबिनच्या काचेकडे पाहिलं.

"मशीन चालू कर," तो ताईला म्हणाला.

"दादा..."

"चालू कर म्हटलं ना!"

तिचा जीव खट्टू झाला. तिने स्विच वर केला. कारखाना पुन्हा धडधडू लागला. दादा मात्र केबिनमध्ये गेला नाही. पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत तो काकांपर्यंत गेला, त्यांच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. या वेळी काकांनी मान हलवली नाही. डबा मात्र खुंटीला अडकवला.

ताईने तिसऱ्यांदा मशीन बंद केलं.

"काका, काय म्हणाला दादा?"

"सगळ्यांसमोर कशाला, ताई?"

"आजपासून असंच. ऐकणाऱ्याने परत सांगितल्याशिवाय सांगितलं असं धरायचं नाही. दादानेसुद्धा."

काकांनी दादाकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे.

"साहेब म्हणाले, डबा जागेवर ठेवा आणि नवं माप लावा."

बायका हसल्या. ताईचा हात स्विचकडे गेला.

"थांब," दादा म्हणाला. त्याने घसा साफ केला. "काका, अर्धंच सांगितलंत. पहिलं वाक्य राहिलं."