फिरत्या चषकाच्या पोटातले पत्र

मित्रांनो, माझ्या पोटात एक पत्र तीन वर्षे पडून होते. ते आले होते आमच्या पुरस्कार समितीच्या चिटणीसांना. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घातली, माझे झाकण उचलून आत टाकले आणि झाकण लावून टाकले. उत्तर काही लिहिले नाही. मांजर डोळे मिटून दूध पिते ना, तशातलाच हा प्रकार.

मी एक जुना फिरता चषक आहे. अंग पितळेचे, वर चांदीचा मुलामा, दोन कान आणि खाली लाकडी बैठक. बैठकीवर 'उपचार, प्रतिबंध, पुनर्वसन' असे शब्द कोरलेले आहेत. लोकांची व्यसने सोडवण्याचे काम जो सर्वांत उत्तम करील, त्याचा दरवर्षी मला देऊन गौरव व्हावा, म्हणून माझा जन्म झाला. मला घडवणारा कारागीर हे ऐकून इतका हसला, की त्याच्या हातातली कानस खाली पडली. शेजारी बसलेल्या आपल्या मेहुण्यांना तो म्हणाला, "ऐकलंत का दाजी? दारू सोडवणाऱ्याला बक्षीस काय, तर पेला! उद्या चोर पकडणाऱ्याला पहार देतील."

तेव्हा मला फार राग आला होता. पुढे जे पाहिले त्यावरून वाटते, की एवढा शहाणा माणूस मला नंतर बरीच वर्षे भेटला नाही.

मला फिरता म्हणतात. पण मी फिरलो किती? कपाटातून व्यासपीठावर आणि व्यासपीठावरून कपाटात. फोटो निघेपर्यंत विजेत्याच्या हातात असायचो. मग "हरवेल हो, आमच्याकडेच बरा," असे म्हणत अध्यक्ष मला काढून घ्यायचे. विजेत्याला घरी न्यायला मिळे ती शाल, आणि बैठकीवर नावाची एक पाटी.

पहिल्या वर्षी एक व्याख्याते आले. त्यांनी शाळाशाळांतून दोनशे व्याख्याने दिली होती. सिगारेट ओढणारी एक कवटी ते पडद्यावर दाखवत. मुलांना ती इतकी आवडली, की महिन्याभरात वह्यांवर, बाकांवर आणि एकाच्या तर सदऱ्यावरही कवट्या उगवल्या. मुलांनी काही प्रश्न विचारले का, हे व्याख्यात्यांना कोणी विचारले नाही. दोनशे हा आकडा मात्र सगळ्यांना पाठ होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि त्या खळखळाटाला बक्षीस मी!

असे बरेच आले. आठव्या वर्षी डॉक्टर आले. त्यांच्या रुग्णालयाची फरशी म्हणे आरशासारखी होती. त्यांनी माझे दोन्ही कान धरून मला डोक्यापर्यंत उचलले आणि सांगितले, "माझ्याकडून घरी गेलेल्या शंभरांपैकी आठच जण परत आले. ब्याण्णव बरे झाले!" टाळ्या थांबता थांबेनात. मीही चमकत राहिलो. मुलामा दिलेल्या वस्तूला लाज जरा उशिराच वाटते.

हा हिशेब एकट्या डॉक्टरांचा नव्हता. पुरस्काराच्या अर्जातच तसा रकाना होता : 'रुग्ण उपचारासाठी परत आला का?' उत्तर 'नाही' असले, की तो माणूस बरा झाला असे धरायचे. तो रकाना आमच्या चिटणीसांनी पट्टी घेऊन स्वतः आखला होता. चिटणीस म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. खिशात दोन चष्मे, मान कायम खाली. बोलण्यापूर्वी तीनदा घसा खाकरायचे आणि मग बोलायचेच नाहीत.

त्याच वर्षी आणखी एक अर्ज आला होता. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एक उपचार केंद्र आहे. तिथल्या समुपदेशक बाईंना सगळे 'शुक्रवारच्या ताई' म्हणतात. जो माणूस यायचा बंद झाला, त्याला त्या दर शुक्रवारी फोन करतात. फोन उचलला नाही, तर त्याच्या दाराशी जातात. मग पुन्हा प्यायला लागलेला माणूस मान खाली घालून परत येतो, आणि आमच्या रकान्यात ताईंचा एक गुण कमी होतो. त्यांचे शंभरात एकतीसच भरले.

"एकतीस?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, या ताईंना आधी कुणीतरी शिकवणी लावा!"

सगळे हसले. चिटणीस हसले नाहीत. पण बोललेही नाहीत, म्हणजे सारखेच.

पुढच्या महिन्यात ते पत्र आले. एका बहिणीने लिहिले होते :

'तुमच्या डॉक्टरांचं भाषण वर्तमानपत्रात वाचलं. माझा दादा त्यांच्याकडे चाळीस दिवस होता. घरी आल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा प्यायला लागला. परत जायची लाज वाटते म्हणायचा. कुणाचा एक फोन आला असता, तर गेला असता. तो वारला. म्हणजे परत गेला नाही, हे खरंच आहे. माझ्या दादाला तुम्ही बऱ्या झालेल्यांत मोजलंत का? आई रोज ते कात्रण वाचते आणि विचारते, ब्याण्णव जण बरे झाले, मग आपलाच कसा गेला? आपण त्याला काय कमी केलं? मी तिला काय सांगू, तेवढं कळवा.'

चिटणीसांनी पत्र अध्यक्षांना दाखवले.

"उत्तर देऊ नका," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर दिलं की कबुली दिल्यासारखं होतं. पुरस्काराची अब्रू आहे काही."

माझी अब्रू! माझी अब्रू म्हणजे नखभर मुलामा. तेवढ्यासाठी एका आईला तीन वर्षे स्वतःला दोष देत ठेवले. दर समारंभाआधी चिटणीस मला फडक्याने पुसायचे, कान पुसायचे, पाट्या पुसायचे. झाकणाला मात्र हात लावायचे नाहीत. सारा जन्म पुस्तकांत गेलेला माणूस, आणि चार ओळी लिहवेनात! पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? झाकण घट्ट लावून मीही बसलोच होतो.

यंदा माझा डावा कान निखळला. चिटणीस मला कापडी पिशवीत घालून कारागिराकडे निघाले. वाटेत ते शिंप्याच्या दुकानाचा जिना चढले. ताईंनी यंदा अर्ज केलाच नव्हता. त्यांच्या जुन्या रुग्णांनी परस्पर भरून पाठवला होता आणि त्यावर ताईंची सही हवी होती. वार शुक्रवार. ताई फोनवर होत्या.

"घसरलास ना? मग घसरलास तसाच ये. दाढीबिढी करत बसू नकोस, तोवर शनिवार उजाडेल... अरे, तोंड कसलं दाखवायचं? तुझं तोंड काय मी पहिल्यांदा बघणार आहे?"

फोन ठेवून त्यांनी अर्ज वाचला आणि परत केला.

"सही नाही करत, काका. तुमच्या रकान्यात माझी माणसं बसत नाहीत."

"नियम आहे तो," चिटणीस पुटपुटले.

"तुम्ही वाचनालयात होतात ना? पुस्तक परत आलं नाही, तर वहीत काय लिहायचात? वाचून झालं?"

"छे, छे! स्मरणपत्र पाठवायचो. दोन पाठवूनही आलं नाही, तर शिपाई घरी जायचा."

"एका पुस्तकासाठी?"

चिटणीसांनी घसा खाकरला. मग त्यांनी मला पिशवीतून काढले, झाकण उचलले आणि पत्र ताईंपुढे ठेवले. ताईंनी ते वाचले. धीराचे शब्द त्यांनी काढले नाहीत, हे मला आवडले.

"केव्हाचं आहे?"

"तीन वर्षं झाली. काय लिहावं, नीट सुचेना. आताही सुचेल की नाही..."

"नीट लिहायला आणखी तीन वर्षं घ्याल. वाकडंतिकडं लिहा. बसा इथे."

चिटणीसांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले :

'होय. तुमच्या दादांना आम्ही बऱ्या झालेल्यांत मोजलं. ते खोटं होतं. ब्याण्णवांपैकी किती बरे झाले, हे आम्हांला ठाऊक नाही, कारण त्यांना कोणी शोधलंच नाही. तो रकाना मी आखला. हे मी समितीलाही लेखी कळवतो आहे. त्यानंतर मी तिथे चिटणीस नसेन. आईंना सांगा, कमी पडलो ते आम्ही.'

मित्रांनो, माझ्यासारख्या पितळेची निगा राखायला चिमूटभर राख पुरते. माणसाच्या निगेसाठी त्याच्या मागे जावे लागते. तुमच्यातला एखादा चार दिवस दिसला नाही, तर तो मजेत असेल असे धरून चालू नका. त्याचे दार वाजवा. त्यासाठी कोणी चषक देऊ लागले, तर घेऊ नका. मी आतून पाहिला आहे, पोकळ असतो.

कोपऱ्यावर टपालपेटी होती. चिटणीसांनी आधी एक चष्मा लावून पत्ता तपासला, मग दुसरा लावून. पाकीट फटीत अर्धे घातले आणि हात तिथेच थांबला. मागे एक बाई पाकीट घेऊन उभ्या होत्या.

"आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो, टाकतो," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी पाकीट सोडले. मग फटीत बोटे घालून चाचपून पाहिले. पत्र खाली पडले होते.