आक्का परिचारिका झाली तेव्हा

तिला बारकी म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे आक्का. दोघी बहिणींच्या वयात चांगलंच अंतर होतं. आई गेल्यावर आक्कानेच तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं, आणि पुढे बारकीचं डोकं ताळ्यावर राहीना तेव्हा मनोरुग्णालयाच्या कागदांवर सहीही आक्कानेच केली. बारकी तिथून बरी होऊन आली. घरी आल्यावर पाहते तर तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी गायब. कडीच्या स्क्रूंची भोकं आक्काने मेणाने अगदी नीट बुजवली होती.

आक्का घरीच पडदे शिवायची. शिलाई मशीन तिने अशा कोपऱ्यात ठेवलं होतं की बाहेरचं दार, स्वयंपाकघर आणि बारकीची खोली तिन्ही डोळ्यांच्या टप्प्यात यावीत. बारकीला न्हाणीघरात जरा वेळ लागला की मशीन थांबायचं. मशीन थांबलं की बारकी आतून म्हणायची, "आहे गं." मशीन पुन्हा सुरू व्हायचं. याबद्दल दोघींपैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नाही.

दुपारपर्यंत बारकी चष्म्याच्या दुकानात असायची. मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, काच बसवून बघायची. काम तिच्या हाताला छान बसलं होतं. दुकानातच तिची एका दंतवैद्यबाईशी ओळख झाली. बाईंना दाताच्या मुळाशी पाहताना डोळ्यांवर ताण यायचा, म्हणून त्या खास चष्मा करून घ्यायला आल्या होत्या. तो मनासारखा होईपर्यंत त्यांच्या बऱ्याच खेपा झाल्या, आणि अशाच एका खेपेला त्यांनी बारकीला विचारलं, "शनिवारी संध्याकाळी काय करतेस? आम्ही काही रिकामटेकडी माणसं एक खेळ खेळतो. येतेस?"

खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्राने काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, ते जमलं की फसलं ते फासे ठरवणार. गोष्ट सांगायचा तो एक बुकबाइंडर. त्याच्याच कारखान्यात, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खळीच्या डब्यांमध्ये जागा करून ही मंडळी बसत. दंतवैद्यबाई होत्याच. चौथा होता विजेचे मीटर तपासत हिंडणारा, त्याला सगळे मीटरच म्हणत. बारकी आधी कुठे असायची हे यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. तिथे ती फक्त काचा घासणारी, बऱ्यापैकी विनोदी बाई होती. आक्काला तिने सांगितलं होतं, की मैत्रिणीकडे जाते. तेही खोटं नव्हतं.

नवीन गोष्ट हुडकण्याचं काम हळूहळू बारकीकडे आलं. लोकांनी रचून ठेवलेली असली साहसं इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यातलं चांगलं कुठलं नि भुसकट कुठलं, हे तिला बरोबर कळायचं. त्या शनिवारी बाइंडर म्हणाला, "यंदा मोठी भीती हवी. भूतबित नको. माणूस असला काय नि नसला काय, ज्याला काडीचा फरक पडत नाही, असं काहीतरी अवकाशातून आलेलं."

"परग्रहावरचे," बाई म्हणाल्या.

"किंवा वेड्यांचं इस्पितळ," मीटर म्हणाला. "नाहीतर दोन्ही. इस्पितळाच्या तळघरात परग्रहावरचं काहीतरी. जो बघतो तो सांगतो, पण त्याला वेडा म्हणून आधीच आत टाकलेला. विश्वास कोण ठेवणार?"

सगळ्यांना हे फार आवडलं. बारकीला मात्र ते नको होतं. नको म्हणावं तर का म्हणून विचारणार. ती म्हणाली, "बघते."

सोमवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून बसली. इस्पितळांचा नुसता सुळसुळाट होता. प्रत्येकात गजांच्या खोल्या, हातपाय बांधलेले रोगी, रोग्यांचे मेंदू ताऱ्यांना विकणारे डॉक्टर. वाचता वाचता तिला हसू यायला लागलं. हे रचणाऱ्यांपैकी एकानेही खरं इस्पितळ आतून पाहिलेलं नव्हतं. मग एक सापडलं, ते मात्र वेगळं होतं. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. डॉक्टर थकलेले, परिचारिका थकलेल्या, आणि तळघरातलं ते काहीतरी झोपलेल्यांच्या कानात हळू बोलत वर येत होतं. रोग्यांना ते ऐकू यायचं, पण ऐकू येतं असं सांगितलं की मुक्काम वाढायचा. बारकी ते तोंडातल्या तोंडात वाचत होती. मशीन कधी थांबलं ते तिला कळलंच नाही.

"कोण बोलतं कानात?" आक्का पाठीशी उभी होती.

"अगं, खेळ आहे तो."

"कसला खेळ?"

बारकीने सांगायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला तिला कळून चुकलं की आपण खड्ड्यात उतरतोय. "आम्ही शनिवारी जमतो. एकजण सांगतो आणि तो सांगेल ते घडतं. म्हणजे खरं नाही. मी मी नसते, दुसरीच कुणी असते. आणि या खेपेला ताऱ्यांवरून आलेलं…"

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला.  तिने हळूच कॉम्प्युटर मिटला, तो उचलून आपल्या कपाटात ठेवला आणि ती बारकीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावायला गेली. तिचा आवाज गोड झाला होता. तो गोड आवाज बारकी ओळखून होती. इस्पितळात न्यायच्या दिवशी आक्का याच आवाजात म्हणाली होती, चल, जरा बाहेर जाऊन येऊ.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण त्यांनाही विचारावं लागलंच. "ही माणसं आहेत ना, म्हणजे आपल्याला भेटता येईल अशी?"

"आहेत."

"मग त्यांच्यापैकी कुणाला फोन लावू या?"

 फोन लावला की पलीकडून दंतवैद्यबाई विचारणार, कुठून बोलताय. त्या एका उत्तराने सगळं संपणार. शनिवारी सगळे तिच्याशी गोड आवाजात बोलणार. आणि फोन नको म्हणावं, तर ही माणसं तिच्या डोक्यातलीच ठरणार. बारकीने दोन्हीकडून विचार करून पाहिला, फट कुठेच नव्हती.

"नको," ती म्हणाली.

आक्काने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तूर्त गोळी थोडी वाढवू. ती वाढीव गोळी बारकीला ठाऊक होती. हाताला कंप सुटायचा. कंप सुटलेल्या हाताने काच घासता येत नाही.

"आक्का येईल माझ्याबरोबर," ती एकदम म्हणाली. "शनिवारी. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. मग काय ती गोळी द्या."

शनिवारी दोघी निघाल्या. वाटेत आक्काने कबूल केलं, की बारकी इस्पितळात होती हे कुणाला सांगणार नाही. कारखान्यात शिरताना मात्र तिने बारकीचं मनगट घट्ट धरलं होतं. आत खरोखरच माणसं दिसल्यावर तिने ते सोडलं. मीटरने तिच्यासाठी पुठ्ठ्यांची एक थप्पी झटकून दिली.

"माझी बहीण," बारकी म्हणाली. "तिला नुसतं बघायचंय."

"नुसतं बघून कसं चालेल?" बाइंडर म्हणाला. कॉम्प्युटर कपाटात जाण्याआधीच बारकीने ते साहस त्याला पाठवलं होतं, ते त्याने वाचून काढलं होतं. "मला एक माणूस कमीच पडतंय. रात्रपाळीची परिचारिका. फार काही नाही, किल्ल्या तिच्याकडे असतात. हे लोक विनवण्या करतील, तुम्ही मनाला येईल ते उत्तर द्यायचं."

"मला नाही हो असलं जमत," आक्का म्हणाली. पण बसली.

मीटर बातमीसाठी खोटं वेड पांघरून शिरलेला पत्रकार झाला, बाई म्हातारी गायिका झाल्या, बारकी घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर. बाइंडरने आवाज खाली आणून रात्र उभी केली. फरशीखालून काहीतरी घासत चाललंय. गायिकेला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात कुणीतरी हाक मारतंय.

पत्रकार दाराशी धावला. "बाई, दार उघडा. तळघरात काहीतरी आहे."

"झोपा," आक्का म्हणाली. "सकाळी डॉक्टर येतील, त्यांना सांगा."

"सकाळपर्यंत आम्ही उरणार नाही."

"असं वाटतं तसं. गोळी घेतलीत का?"

मीटर खूश होऊन हसला. त्याने फासा टाकला, तो झकास पडला. बाइंडर म्हणाला, "आक्का, एवढा फासा पडलाय, आता परिचारिकेने जरा विरघळायला हवं."

"फाशाने काय होतंय? मी नाही विरघळत."

सगळे पोट धरून हसले. बाई म्हणाल्या, इतकी पक्की परिचारिका आपल्याला पूर्वीच मिळायला हवी होती. आक्काही किंचित लाजली. बारकीला हसता येईना. तिची पाळी आली होती.

"मी काय केलं म्हणजे दार उघडाल?" तिने विचारलं.

"बरा झालास की."

"मी बरा झालोय."

"असं सगळेच म्हणतात."

"मग न म्हणता कसं सांगू?" बारकीचा आवाज अजून घड्याळवाल्याचाच होता. "गप्प बसलो की म्हणता, मनात काहीतरी चाललंय. बोललो की म्हणता, भलतंच बोलतो. हसलो तर का हसला. कशाने कळेल तुम्हाला? एवढं सांगा, मी तसं वागतो."

आक्का तिच्याकडे बघत राहिली. तिची बोटं मांडीवर पदराची कड दुमडत होती, कापड मशीनखाली घालण्याआधी दुमडतात तशी.

"मला नाही कळणार," ती शेवटी म्हणाली. "तेव्हा तरी कुठे कळलं? तू कामावरून आलीस, जेवलीस, माझ्या शिवणाला नावं ठेवून हसलीससुद्धा. मला वाटलं, आज पोरगी बरी आहे. मी दोरे आणायला म्हणून बाहेर पडले. परत आले तर…" ती थांबली. "हसत होतीस गं तू. म्हणून मला आता तुझ्या हसण्याचीच भीती वाटते."

"वा, काय बोललात," मीटर म्हणाला, आणि मग त्याच्याही ध्यानात आलं. त्याने हातातला फासा खाली ठेवला.

 बारकीला उठून जावंसं वाटलं. पळून जावं तर दाराशी पुठ्ठे रचलेले, त्यांना ओलांडून जायचं म्हणजे सगळ्यांदेखत धडपडायचं. ती तिथेच बसून राहिली.

"मी होते तिथे," ती म्हणाली. "खऱ्या इस्पितळात. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आणि आक्का इथे तपास करायला आलीय, तुम्ही सगळे खरे आहात की नाही त्याचा."

दंतवैद्यबाईंनी पुढे होऊन आक्कापुढे हात धरला. "खरी आहे मी. चिमटा काढून बघा."

आक्काने खरंच हात लावून पाहिला, आणि मग तिला रडू आलं.

मीटरने चाचरत विचारलं, "तिथे… कसं असतं?"

"कंटाळवाणं," बारकी म्हणाली. "चहा कोमट. टीव्हीचा रिमोट एकाच बाईकडे, आणि तिला फक्त हवामान बघायचं असतं."

त्या दिवशी खेळ पुढे गेला नाही. निघताना बाइंडर मायेने म्हणाला, "पुढच्या शनिवारी परग्रहवाल्यांचंच काहीतरी घेऊ. इस्पितळ राहू दे." त्याचा आवाज गोड झाला होता. बारकीला वाटलं, झालं, हेही दार बंद झालं.

"राहू दे काय?" ती म्हणाली. "मी हुडकलंय ते. तेच पुरं करायचं. आणि मला जपून खेळवायचं नाही. मरायचं असेल तिथे माझा घड्याळवाला मरू दे."

बाइंडरने तिच्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. आवाज रोजचा होता.

 घरी जाताना आक्का म्हणाली, "मी शेवटपर्यंत किल्ली दिलीच नसती तर काय झालं असतं?"

"ते वर आलं असतं. सगळ्यांबरोबर परिचारिकाही गेली असती."

"मग त्या बाईने आधीच नोकरी का नाही सोडली?"

"आत माणसं असतात ना. त्यांना टाकून कशी जाणार?"

आक्काने मान डोलावली, जणू तिला हे आधीपासून माहीत होतं.

गोळी वाढली नाही. कॉम्प्युटर कपाटातून बाहेर आला. बाकीचं मात्र होतं तसंच राहिलं. आक्का पुन्हा खेळायला गेली नाही, पडद्यांचं काम अंगावर आहे म्हणाली, आणि पुढच्या शनिवारी बारकी निघाली तेव्हा मशीन सोडून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

कारखान्यात बाइंडरने विचारलं, "परिचारिका आज नाही. तिच्याऐवजी मी बोलू?"

"नको," बारकी म्हणाली. "तिच्या जागी कुणी बोलायचं नाही. दार बंद आहे असंच धरू."

"मग वाट एकच. तळघरातून."

घड्याळवाला पुढे झाला. तळघरातल्या त्या अफाट, आंधळ्या वस्तूला त्यांच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. ती झोपेत बरळत होती, आणि माणसं त्या बरळण्याने मरत होती. गायिका तिच्या नवऱ्याच्या आवाजामागे अंधारात चालत गेली. पत्रकार सांडपाण्याच्या नळातून बाहेर पडला, पण नंतर आयुष्यभर त्याच्या बातमीवर कुणी विश्वास ठेवला नाही. घड्याळवाल्याचा फासा वाईट पडला. बाइंडरने जपलं नाही. नळाच्या तोंडाशी पोचायला घड्याळवाल्याला एक पाऊल कमी पडलं, तो तिथेच मेला, आणि मीटर डोक्याला हात लावून बसला.

बारकीने फासे गोळा केले. तिच्या तळव्यांना घाम फुटला होता आणि तिला सपाटून भूक लागली होती.

"पुढच्या वेळी मी दुसरं काहीतरी होणार," ती म्हणाली. "जरा पळता येणारं."