डाव्या तळहातावर
सोलापूरच्या मंगळवार पेठेत रुद्रप्पांचं भुसाराचं दुकान बेताचंच चालायचं, पण घरातली त्यांची शिस्त मात्र जोरात चालायची. लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या पोटात चहासुद्धा जात नसे. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, भस्म लावायचं, बेलपान वाहायचं आणि मगच ताटावर बसायचं. आपल्यामागे हे मुलगा गुरुशांत चालवणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

आणि त्याच गुरुशांतनं पूजा सोडली.

आंघोळ करून तो दप्तर उचलायचा आणि थेट क्लासला निघायचा. आई चंद्रव्वा ताट घेऊन मागे धावली तर "नको अव्वा" एवढंच. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा त्याचा हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी मार्क कमी पडले, पण रुद्रप्पा कसले खचतात. लिंगायत समाजाच्या मेळाव्यात त्यांनी पोराला 'भावी डॉक्टर' म्हणून स्टेजवर बोलावून शाल-नारळ देववला. परीक्षा अजून व्हायची होती, ही बाब त्यांना किरकोळ वाटली. गिऱ्हाइकांपासून दुधनीच्या पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. रोज पूजेला त्याला शेजारी बसवून ते मोठ्यानं म्हणायचे, "देवा, औंदा माज्या नावाला बट्टा लागू देऊ नगंस."

त्यामुळे पूजा सुटलेली पाहून त्यांचं डोकं फिरलं. क्लासच्या पोरांनी याच्या डोक्यात काहीबाही भरवलंय आणि हा बाहेर वडापाव खात हिंडतोय, असा निकाल त्यांनी लावून टाकला. पोरगं वाळत चाललं होतं, तोही त्यांच्या लेखी बाहेरच्या तेलाचाच प्रताप. मठात स्वामींपुढे उभं करायचं ठरलं. त्याआधी रविवारी सकाळी त्यांनी त्याला दारातच अडवलं.

"देव नको झाला व्हय रं? आन् हाटेलात गिळायला बरं चालतंय?"

"मी खात न्हाई, अप्पा."

"मग दिवसभर काय वारा खातोस?"

गुरुशांत जमिनीकडे बघत म्हणाला, "पूजा केल्याबिगर खायचं कसं?"

रुद्रप्पा दारातून बाजूला झाले. चंद्रव्वाच पुढे झाली. "आरं, मग पूजा का करंना झालास?"

त्यानं नुसता डावा हात पुढे केला. तळहात थरथरत होता. "पूजेला बसलं की असाच कापतोय. छातीत धडधड हुती, दम लागतोय. मागं एकदा लिंग पडता पडता ऱ्हायलं, अव्वा. तवापासून डबी उघडायचं भ्या वाटतंय. रातभर झोप न्हाई. सांगू कुनाला? अप्पांनी समद्यास्नी सांगून ठेवलंय की."

पोरगं देवावर रुसलं नव्हतं. देव हातून पडू नये म्हणून ते उपाशी राहत होतं आणि आपण त्याच्या कानाशी रोज स्वतःच्या नावाचं गाऱ्हाणं गात होतो. रुद्रप्पांना स्वतःची लाज वाटली, अगदी मान वर होईना इतकी.

"मनाच्या डाक्टरला दावू या, अवो," चंद्रव्वा म्हणाली.

पण जन्माची खोड लगेच कुठे जाते. "हळू बोल. शेजारी ऐकतील. गुलबर्ग्याला नेऊ, तितं वळखीचं कुनी न्हाई," ते बोलून गेले आणि मग त्यांनी पोराकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखा तो हात मागे लपवत होता. ते बघून बापाचं काळीज तुटलं.

"आदी जेव," ते म्हणाले.

"पूजा न्हाई झाली."

"माजी झालीया. तीच तुजी. वाढ गं त्याला."

चंद्रव्वानं घाईघाईनं भाकरी वाढली. गुरुशांतनं अर्धी खाल्ली, पण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बापलेक बाहेर पडले, तर शेजारचे बसूअण्णा कट्ट्यावर पेपर घेऊन बसलेले. त्यांना चुकवून गल्लीतून जाणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

"काय रुद्रप्पा, दुकान सोडून सकाळीच कुटं?"

दाताच्या दुखण्याचं निमित्त रुद्रप्पांच्या जिभेवर तयार होतं. शेजारी गुरुशांत अंग चोरून, पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. रुद्रप्पांनी दुकानातल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं,

"हितंच, सोलापुरातच. मनाच्या डाक्टरकडं. पोरगं लई दमलंय माजं, अण्णा. दमवलं बी मीच."