ब्रेकची धार

आमच्या घाटंजीच्या जीप स्टँडवर ब्रेक कोणी मारत नाही. तिथे ब्रेकची धार काढतात. रस्ता ओला असला, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकली असली, की ब्रेकवर पाय देऊन उभं राहायचं नाही; चाकं जाम होतात आणि गाडी घसरते. पाय दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. गाय दोहावी तसं, हलक्या पायानं. नव्या ड्रायव्हरला पहिला धडा हाच. ज्याला ब्रेकची धार काढता येत नाही त्याला स्टँडच्या रांगेत नंबर नाही, आणि ज्याला नंबर नाही त्याच्या गाडीत कुत्रंही बसत नाही.

मला तो नंबर हवा होता.

आमच्या ह्यांचा, म्हणजे देवरावांचा, तिथे तीस वर्षं नंबर होता. मग त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. नवी गाडी तर दारात येऊन उभी. मी यवतमाळला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन शिकले, लायसन्स काढलं, आणि हातात किल्ली घेऊन स्टँडवर गेले. तिथले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चुकून पुरुषांच्या पंगतीत येऊन बसले होते.

दसरा तोंडावर आला होता. आमच्या वस्तीतल्या बाया दरवर्षी दीक्षाभूमीला नागपूरला जातात, कुणाच्या तरी जीपमध्ये मांडीला मांडी लावून. विहारातल्या महिला मंडळाच्या बेबीताई मला म्हणाल्या, "यंदा तुह्याच गाडीत जाऊ वं नलू. पन स्टँडवरून जाऊ, नंबर लावून. गल्लीतून चोरावानी नाही." त्या बोलल्या आणि माझ्या मनात ते घट्ट बसलं. नाही तर गाडी कुठूनही सुटली असती. पण बेबीताईंनी सांगितलं ते खरं होतं. माझ्या नवऱ्याचा नंबर होता, मला का नाही?

अडचण माझी नव्हती, गाडीची होती. स्टँडवर सगळ्यांना तिची सगळी बातमी होती, आणि त्याला जबाबदार आमचे हेच.

गाडी घ्यायला आम्ही यवतमाळला गेलो, तेव्हा येताना ह्यांनीच हट्ट केला, की पहिल्यांदा आपणच चालवणार. वाटेत पाऊस पडून गेला होता. एक ट्रॅक्टर अचानक शेतातून रस्त्यावर आला. ह्यांनी ब्रेक दाबला, आणि ब्रेक पायाखाली थरथरायला लागला. नव्या गाडीत तो थरथरतोच. चाक जाम होऊ नये म्हणून गाडी स्वतःच दाबते-सोडते, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी भराभर. आपण फक्त दाबून धरायचं असतं. ह्यांना ते ठाऊक नव्हतं. "अवो बाई, ब्रेक तुटला!" असं ओरडून ह्यांनी पाय उचलला, आणि आम्ही थेट कुणाच्या तरी कपाशीत. कुणाला काही लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनीच स्टँडवर जाऊन सांगितलं की नव्या गाडीचा ब्रेक कापरा आहे. मग गॅरेजवाल्यानं समजावलं. ह्यांच्या डोक्याला समजलं, पायाला काही समजलं नाही. पण बातमी तर केव्हाच गावभर झाली होती.

मी नंबर मागायला गेले तेव्हा सगळे चहाच्या टपरीवर जमलेले. डोंगरसिंग राठोड स्टँडचे अध्यक्ष. मोठ्या मिशा, आणि जिल्ह्यात त्यांच्यासारखी ब्रेकची धार काढणारा माणूस नाही, हे मीही मान्य करते.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमची गाडी समोर काही आलं का सोताच थांबते म्हनते. मंग नंबर कोनाले द्यावं? तुमाले का गाडीले?"

धावजी नावाचा एक ड्रायव्हर आहे, सदा हसणारा. तो म्हणाला, "अन् पांढरा पट्टा सोडला का इस्टेरिंग हात ओढते म्हने. आपल्या रस्त्यावर पट्टे कुठी हायेत बाप्पा? थे गाडी खड्ड्यालेच पट्टा समजन!"

"माह्या भाच्याच्या गाडीतबी तसंच हाय," स्टँडवरचे जुने ड्रायव्हर भगवानराव म्हणाले. "बकरी दिसली का गाडी बोंबलते. घरी बायको काय कमी बोंबलते, का आता गाडीचंबी आयकावं?"

"तुमची बायको बोंबलते म्हनून तर तुमी अजून जित्ते हा, भगवानराव," मी म्हटलं. टपरीवर हशा पिकला, भगवानराव चहाच्या कपात बघत बसले.

पण डोंगरसिंग हसले नाहीत. ते म्हणाले, "मजाक सोडा. यंत्राच्या भरोशावर मानसं बसवाले मी नंबर देत नाही. तुमाले ब्रेक येते का नाही, थे दाखवा. नवमीले पूजा झाल्यावर जिनिंगच्या आवारात या. मी माही जीप आनतो, तुमी तुमची गाडी आना."

मी लगेच हो म्हटलं. माझा स्वभावच तसा, आधी हो म्हणायचं आणि मग घरी जाऊन विचार करायचा.

नवमीच्या सकाळी स्टँडवर गाड्यांची पूजा असते. आमच्या घरी नारळ-हळद-कुंकवाचं काही नसतं, पण स्टँडच्या रांगेत गाडी उभी केली की ती स्टँडची. डोंगरसिंगांनी सगळ्या जीपांबरोबर माझ्याही गाडीला हार घातला. झेंडूचा, जाडजूड, बोनेटच्या तोंडावर आडवा, पाणी मारून ओला केलेला. इतका मोठा हार त्यांनी कुणालाच घातला नव्हता. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचं आवार अजून कापूस यायचा म्हणून रिकामं होतं. सिमेंटवर टँकरनं पाणी सोडलं, वर ट्रॅक्टर फिरवून काळी माती पसरली. मधोमध तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, भारे उभे केले, ही समजा बैलगाडी. आधी चुन्याची एक रेघ. रेघेवर आल्यावर ब्रेक, आणि भाऱ्यांना गाडी लागता कामा नये. बघायला निम्मं घाटंजी आलं होतं. बेबीताई आमच्या वस्तीच्या बायांना घेऊन पांढऱ्या साड्यांत भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

पहिले डोंगरसिंग. जीप भरधाव आली, रेघ आली, आणि त्यांचा पाय सुरू झाला. दाब, सोड, दाब, सोड. खरंच बघण्यासारखं होतं. जीपचं मागचं अंग जरासं फिरलं, त्यांनी सावरलं, फिरलं, सावरलं. पण खाली काळी माती. तिला अध्यक्षपदाशी काय देणंघेणं? जीप सरळ पुढे सरकत गेली आणि बंपर भाऱ्यांना टेकला. भारे हळूच आडवे झाले. तरी टाळ्या पडल्या, कारण यापेक्षा बरं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

भारे पुन्हा उभे केल्यावर मी गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि समोर पिवळा दिवा लागला.

धावजी खिडकीतून डोकावत होता. "दिवा! गाडीले आंधळेपना आला!" तो ओरडला.

खरंच आला होता. समोरची वस्तू बघून स्वतः थांबायचा जो डोळा असतो, तो गाडीच्या तोंडावर असतो, आणि वाटेतल्या धक्क्यांनी सरकून नेमका त्यावरच बसला होता डोंगरसिंगांचा तो ओला, जाडजूड झेंडूचा हार. स्टँडनं मान द्यायला म्हणून घातलेल्या हारानंच गाडीचे डोळे झाकले होते.

देवराव लंगडत धावत आले. "थांब, थांब. हार काढतो मी. डोळा बंद झाला."

"काढा की," भगवानराव लगेच म्हणाले. "मंग गाडीच थांबन, बाई कायले थांबवीन!"

डोंगरसिंग मिशी कुरवाळू लागले. पूजेचा हार त्यांनीच बांधलेला, तो काढा म्हणायला जीभ वळेना; आणि भगवानरावांचं बोलणंही त्यांच्या मनातलंच होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता खरं सांगते. मला भीती वाटली. त्या डोळ्याचा मला आधार होता. गाडी आपणहून थांबण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, पण तो आहे, एवढ्यानं मी निवांत असायचे. आता तो नव्हता. मी दिव्यांकडे नीट बघितलं. पिवळा दिवा डोळ्याचा. ब्रेकचा दिवा लागलेला नव्हता. म्हणजे गाडीला दिसत नव्हतं, पण तिचा पाय शाबूत होता. आणि माझाही.

"राहू द्या हार," मी म्हटलं.

"नलू," हे म्हणाले.

"राहू द्या म्हनलं ना. डोळा माहा हाय. सरका बाजूले."

मी गाडी मागं नेली आणि सोडली. डोंगरसिंगांची जीप होती तेवढ्याच वेगानं मी आले. हारातली फुलं वाऱ्यानं बोनेटवर उडत होती. रेघ आली. मी ब्रेक दाबला, तळपाय पार तळाला लागेपर्यंत. तो थरथरायला लागला. पोटरीपर्यंत थरथर आली, आणि माझ्या अंगातला प्रत्येक कण म्हणाला, उचल. मी नाही उचलला. दात आवळून दाबून धरला आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

आणि गाडी वळली! जाम चाकं वळत नाहीत, ती सरळ जातात. माझी चाकं फिरत होती म्हणून वळली. तुराट्यांच्या भाऱ्याला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि उभी राहिली. मी मागं बघितलं. भारे उभे. एकही तुराटी हलली नव्हती.

मग बेबीताई ओरडल्या, त्यांच्यामागं सगळ्या बाया, आणि मग टपरीवाल्यापासून टँकरवाल्यापर्यंत सगळं आवार. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि ढसाढसा रडले, आणि रडताना हसतही होते, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

"डाव्या बाजूनं जमलं," भगवानराव म्हणाले, "उजव्या बाजूनं?"

मी उजव्या बाजूनं दाखवलं.

डोंगरसिंग चिखल तुडवत आले आणि त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलतील. ते म्हणाले, "वहिनी, सरका जरा. मले एक चक्कर मारू द्या. पाय कसा ठेवता, सांगा."

मी बाजूच्या सीटवर सरकले. "काहीच नाही करायचं, भाऊ. दाबा अन् धरून ठेवा. थरथरन. थरथरू द्या. उचलू नका."

"समजलं," ते म्हणाले.

समजलं नव्हतं. रेघ आली, त्यांनी दाबला, थरथर सुरू झाली, आणि त्यांच्या तोंडून बंजारा बोलीतली आईची हाक, "ए याडी!", निघाली आणि पाय वर. मग सवयीनं धार काढायला लागले. आम्ही सरळ भाऱ्यांत घुसलो. काचेवर तुराट्याच तुराट्या. बाहेर असा हशा, की धावजी चिखलात बसला. डोंगरसिंग आधी लाल झाले, मग तेही मिशा हलवत हसायला लागले.

"पुन्हा," ते म्हणाले.

धावजीनं भारे उभे केले. दुसऱ्या वेळी रेघ आली तेव्हा मी त्यांच्या कानाजवळ ओरडले, "दाबून धरा, डोंगरभाऊ! धरा! धरा!" त्यांनी धरला. कपाळावरच्या शिरा फुगल्या, ओठ घट्ट मिटले, पण धरला. गाडी वळली, भाऱ्यांना वळसा घालून थांबली. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग थोपटलं.

"काय यंत्र हाय वो वहिनी," ते म्हणाले. "अन् काय मानूस ठेवला यंत्रावर!"

ते उतरले, हात वर करून त्यांनी गर्दी गप्प केली. मग मोठ्यानं म्हणाले, "देवरावचा नंबर आजपासून नलूबाईचा. कोनाले काही म्हनाचं असन त्यानं आधी ही रेघ पार करून दाखवावी." कुणी पुढं आलं नाही. भगवानराव तर केव्हाच टपरीकडे निघाले होते. आमचे हे भिंतीशी पाठमोरे उभे राहून डोळे पुसत होते, आणि वळून बघितल्यावर मी बघते आहे असं दिसलं तसे गुडघा चोळायला लागले.

दसऱ्याच्या पहाटे मी गाडी स्टँडच्या रांगेत लावली. हार मी रात्रीच उतरवून ठेवला होता, पिवळा दिवा विझला होता. बेबीताई आणि बाया पांढऱ्या साड्यांत, डब्यांत पोळ्या-पिठलं घेऊन आल्या. स्टँडवर नंबर पुकारायचं काम धावजीकडे असतं. तीस वर्षं मी घरात बसून त्या आरोळीत माझ्या नवऱ्याचं नाव ऐकलं होतं. धावजी टपरीच्या बाकावर चढला, तोंडाशी हात नेले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला:

"नागपूर! नागपूर! दीक्षाभूमी! नलूबाईची गाडी! बसा बसा बसा, नलूबाईचा नंबर लागला!"